माझ्याच तोंडची ऐकीव गोष्ट

एका मुलीचं जमत आलेलं लग्न मी मोडलं. माझं तिच्याशी वैर नव्हतं, की कुणी मला चुगली करायला बसवलं नव्हतं. मला विचारण्यात आलं आणि कानावर होतं ते मी सरळ मनाने सांगून टाकलं. ते माझ्या कानावर आलं कुठून, हे मला तीन वर्षांनी कळलं. ते माझ्याच तोंडून निघालं होतं. बारा वर्षांची असताना मी ते रचलं, गावाने ते उचललं, आणि रचणारी मी होते हे पार विसरून गेल्यावर तेच मी गावाकडून ऐकलं आणि खरं मानलं.

आमचं गाव एरंडोलपासून दोन कोसांवर, नदीच्या काठाला. समोरच्या काठावर दुसरं गाव. त्या गावाला नाव होतं, पण आमच्या तोंडी ते कधी आलं नाही. आम्ही नुसतं 'पल्याड' म्हणायचो, आणि त्यांच्या लेखी पल्याड म्हणजे आम्ही. सोयरिकी व्हायच्या, बैल उसने दिले-घेतले जायचे, भांडणंही व्हायची. माझी धाकटी मावशी तिकडेच दिलेली होती, त्यामुळे माझं लहानपण अर्धं या काठावर आणि अर्धं त्या काठावर गेलं.

घरात माझ्या आठवणीचा मोठा बोलबाला होता. कुठली म्हैस कुठल्या सालात व्याली, काकाच्या लग्नात कोण रुसून न जेवता गेलं, कोणाकडे गेलेलं पातेलं अजून परत यायचं आहे, हे सगळं मला विचारायचे. पाहुणे आले की नाना, म्हणजे माझे वडील, मला पुढे बोलवायचे आणि म्हणायचे, "हिन्हा ध्यानमा बठ्ठं ऱ्हास." हिच्या ध्यानात सगळं राहतं, या कौतुकाचा मला गर्व होता आणि तो लपवण्याचा मी प्रयत्नही करत नसे. पुढे सातवीची फायनल पास झाले, लग्न होऊन जळगावला गेले, सासरच्यांनी ट्रेनिंग करू दिलं आणि एका मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले, तेव्हा तर त्या गर्वावर सरकारी शिक्काच बसला. बाईंना सगळं आठवतं, असं मुलीही म्हणायच्या. मुलींना बाईंबद्दल काय काय वाटतं, त्यातलं हे एक.

आता आखाजीबद्दल सांगायला हवं. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्याकडे हा सण बायकांचा. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, घरोघरी खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस, आणि पुरुष मंडळी सावली धरून पत्ते कुटत बसलेली. गौराई बसवलेली असते, तिला दुसऱ्या दिवशी नदीवर पोचवायला जायचं. तिथे दोन्ही गावांच्या बायका आणि मुली समोरासमोर काठांवर उभ्या राहायच्या. मध्ये वैशाखातली कोरडी वाळू आणि एखादं डबकं. मग गाण्यातून एकमेकींचा उद्धार सुरू व्हायचा. या काठाने त्या काठाच्या लेकींची नाकं काढायची, त्या काठाने आमच्या सुनांचा स्वयंपाक. शिव्याही असायच्या, चांगल्या ठसठशीत. त्या दिवशी नदीवर जे म्हटलं जाईल त्याचा राग धरायचा नाही असा रिवाज होता आणि तो सगळ्या पाळायच्या. संध्याकाळी त्याच बायका एकमेकींकडे मांडे धाडायच्या.

रिवाज फक्त रागापुरता होता. ऐकलेलं विसरून जायचं, असा काही रिवाज नव्हता, आणि असता तरी तो कुणाला पाळता आला नसता.

गाण्याच्या ओळी जोडायचं काम आमच्या काठावर पोरींकडे असायचं, आणि पोरींमध्ये जीभ माझी सगळ्यांत लांब. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरची ती पहिली आखाजी. त्या वर्षी आमच्या काठाने एक ओळ म्हटली:

"पल्याडनी माय भितसंगे बोलस,
तिन्ही आंडेर बशी डोलस."

पल्याडची आई भिंतीशी बोलते, तिची लेक बसून डोलते. बस, एवढंच. कुठल्या आईबद्दल आहे ते त्या काठावर लगेच कळलं, कारण मावशीच्या शेजारच्या घरातली बाई काम करता करता भिंतीकडे तोंड करून बोलायची. आणि तिची आठ वर्षांची मुलगी पाढे म्हणताना मागे-पुढे डोलायची. पाढे म्हणताना आम्ही सगळ्याच डोलायचो. पण जमलेली ओळ कोणी वजनकाट्यावर घालून बघत नाही.

ती ओळ गाजली. नुसती गाजली नाही, टिकली. तिला ठेका होता, फुगडीला ती बरोबर बसायची, झोका चढवायलाही चालायची. पुढच्या वर्षी पोरींनी ती पुन्हा म्हटली, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. मी पंधराव्या वर्षी लग्न होऊन गेले, माझ्याबरोबरच्या मुली गेल्या, तरी ओळ गावात राहिली. ज्या पोरींना ती बाई कोण हे ठाऊकही नव्हतं, त्या पोरी ती म्हणायच्या. दर वर्षी माहेरी आले की माझ्या कानावर यायची, घरात, वाटेवर, पाणवठ्यावर. मी तिच्याकडे लक्ष दिलं असं मुळीच नाही. लक्ष दिलं असतं तर बरं झालं असतं.

कारण लक्ष न देता जे आत जातं त्याची खोड मोडणं फार कठीण, हे मी शाळेत रोज बघत होते. आमच्या वर्गात आणि शेजारच्या वर्गात नुसती तट्ट्याची आडभिंत होती. पलीकडच्या बाई त्यांच्या मुलींकडून एक कविता रोज घोकून घ्यायच्या. एकदा इन्स्पेक्टर आले आणि चुकून तीच कविता त्यांनी माझ्या वर्गाला विचारली. मी घाबरले, मी ती शिकवलेलीच नव्हती. आणि माझ्या चाळीस मुलींनी ती एका दमात म्हणून दाखवली. इन्स्पेक्टर माझ्यावर खूष होऊन गेले. मी नंतर मुलींना विचारलं, तुम्हाला ही कुणी शिकवली? त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "बाई, तुम्हीच." मी हसले आणि ती शाबासकी पदरात टाकून घेतली. त्या दिवशी मी हसण्याऐवजी थोडा विचार केला असता तर! पण विचार करायला बाईंना वेळ कुठे होता. बाईंना सगळं आठवत होतं.

द्विभाषिक राज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पल्याडहून माझ्या भावासाठी सांगून आलं. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. केळीचं नवं पीक घेऊन बघत होता, घरात त्याच्या शब्दाला वजन यायला लागलं होतं. मुलगी तीच, मावशीच्या शेजारच्या घरातली, आता सतरा वर्षांची. दादाने तिला पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला गेला असताना बघितलं होतं. बघितलं म्हणजे काय, ती आईला हाताला धरून पायऱ्या उतरवत होती आणि वाटेत आडव्या बसलेल्या एका गाडीवानाला तिने असा काही दम भरला की तो गडी उठून बाजूला झाला. दादा हे सांगताना हसत होता. आमच्या घरात मुलाने मुलीबद्दल एवढं बोलणं म्हणजे फार झालं. सगळ्यांना कळलं की याचं मन बसलं आहे.

मी सुट्टीत माहेरी आले होते. दुपारची वेळ, ओसरीवर माय सरकीचं काहीतरी निवडत होती, नाना टेकून बसले होते, दादा खांबाला पाठ लावून. माय म्हणाली, "हिले इचारा ना. ही मन्ही बहिनकडे बठ्ठा उन्हाळा काढे."

नाना म्हणाले, "बेटा, पल्याडनं ते घर कसं शे?"

मला आजही तो क्षण नीट आठवतो. ते घर म्हटल्याबरोबर माझ्या मनात पाल चुकचुकली. काय ते सांगता येत नव्हतं, पण त्या घराबद्दल काहीतरी आहे, आपल्याला ठाऊक आहे, फार दिवसांपासून ठाऊक आहे, असं आतून वाटलं. आणि ते कुठून वाटलं हे न विचारता मी बोलायला तोंड उघडलं.

"घर चांगलं शे, नाना," मी म्हटलं. "पन त्या घरमा काहीतरी शे. पोरनी माय भितसंगे बोलस. पोरमा बी थोडं शे म्हनतस."

माय हातातलं टाकून माझ्याकडे बघायला लागली. नाना म्हणाले, "कोनी सांगं तुले?"

"बठ्ठास्ले माहीत शे," मी म्हटलं.

दादा खांबापासून सरळ झाला. "तू पाहेल शे का?"

"मी काय त्यास्ना घर बसेल व्हतू?" मी जरा ठसक्यातच म्हटलं. माझ्या आठवणीवर कोणी शंका घेतलेली मला खपत नसे.

नाना सरळ माणूस. एकट्या मुलीच्या शब्दावर त्यांनी सोयरीक मोडली नसती. त्यांनी गावात चार घरी विचारलं. चारही घरांतल्या बायकांनी तेच सांगितलं: हो, ऐकलंय खरं, आईच्या डोक्यात फरक आहे, भिंतीशी बोलते, लेकीलाही झोक जातो. एकीने तर सांगितलं की मुलीला दर अमावास्येला होतं. हे नवीन होतं, पण ऐकताना कुणालाच नवीन वाटलं नाही. चार ठिकाणांहून सारखंच ऐकल्यावर नानांची खात्री पटली. घरं चार होती, पण पाणी एकाच विहिरीचं होतं, आणि ती विहीर त्यांच्याच ओसरीवर बसली होती. मावशीला विचारावं असं कुणाला सुचलं नाही. मावशीच्या यजमानांना धुळ्याला गिरणीत काम लागलं होतं, ती मंडळी केव्हाच तिकडे गेलेली. आणि विचारायचं तरी कशाला, मी होते ना.

योग नाही, असा निरोप गेला. पण खरं कारण काय ते नदी ओलांडून जायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. दादाचं लग्न पुढच्या वर्षी सोनगीरकडच्या मुलीशी झालं. वहिनी चांगली आहे, कामसू आहे, मला तिच्याबद्दल एक अक्षर वावगं लिहायचं नाही. पण दादा घरात फारसा हसताना मी त्यानंतर बघितला नाही. हेही खरं की मी तेव्हा तिकडे फार लक्ष दिलं नाही. मी आपल्या परीने भावाला खड्ड्यातून वाचवलं होतं, आणि वर्षभर मला त्याचं समाधानही वाटत होतं. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते.

तीन वर्षं गेली. परीक्षा संपल्यावर शिक्षकांचं एक शिबिर धुळ्याला होतं, म्हणून मी मावशीकडे उतरले. महाराष्ट्र राज्य व्हायला थोडेच दिवस राहिले होते, शिबिरात सगळे त्याच्याच गप्पा मारत होते. मावशीला तेव्हा दिवस गेले होते. ती कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापत होती आणि मी चुलीपाशी बसून ठेचा कुटत होते. बोलता बोलता ती म्हणाली, "तुन्हा दादानी ती पोर कसाले सोडी? इतली चांगली पोर. आजून घरमा बठेल शे."

मी सांगितलं. आई भिंतीशी बोलायची, मुलीतही आहे, सगळ्यांना माहीत होतं.

मावशीचा हात तव्यावरच थांबला. "अवं, ती भितसंगे कसाले बोली? ती मन्ही सासूसंगे बोले."

मला आधी काही कळलंच नाही. मग मावशी जसजशी सांगत गेली तसतसं मला दिसायला लागलं, आणि एकदा दिसायला लागल्यावर थांबेना. मावशीची सासू अर्धांगाने पडलेली होती. तिची खाट शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीपाशी. भिंत मातीची, मध्ये एका ठिकाणी विटेएवढं भगदाड. मावशी दिवसभर शेतात, म्हातारी एकटी. म्हणून शेजारची ती बाई आपलं दळण, कांडण, भांडी सगळं त्या भिंतीपाशी आणून करायची आणि तिकडून बोलत राहायची. आज भाजी काय, कोणाची सून आली, कोणती कोंबडी खुडुक बसली. म्हातारीला धड उत्तर देता यायचं नाही, तोंड वाकडं झालं होतं. ती चांगल्या हाताने भिंतीवर टकटक करायची. ती टकटक ऐकली की पलीकडची बाई हसायची आणि पुढचं सांगायची. आणि हे सगळं चालू असताना म्हातारीच्या पायथ्याशी मी बसलेली असायचे. सगळा उन्हाळा. त्या खोलीतला एरंडेल तेलाचा वास, म्हातारीच्या खरखरीत बोटांचा माझ्या दंडाला होणारा स्पर्श, भगदाडातून येणारी उन्हाची पट्टी, सगळं माझ्यासमोर आलं. ज्या घरी मी बसले नव्हते म्हणून दादाला फटकारलं होतं, त्या घराच्या भिंतीला पाठ लावून मी दोन उन्हाळे काढले होते.

"आनि ते गानं?" मावशी म्हणाली. "ते तर तूच करेल शे."

मी नाही म्हटलं. मावशी म्हणाली, तूच. नदीवर तू सगळ्यांच्या पुढे उभी राहून पहिल्यांदा म्हटलंस, परकर खोचलेला होता, आणि म्हणून झाल्यावर माझ्याकडे बघून जीभ काढलीस. आम्ही त्या काठावर हसून हसून बेजार झालो. ती बाईसुद्धा हसली, घरी जाऊन तिनेच भिंतीपलीकडून सासूला म्हणून दाखवलं आणि सासूने किती वेळ टकटक केली. त्या काठावर खरं काय ते ठाऊक होतं, म्हणून ते गाणं नुसतं गाणं होतं. पुढे सासू गेली, मावशीची मंडळी धुळ्याला आली, आणि ज्यांना खरं ठाऊक होतं ती माणसं तिथून उठली. गाणं तेवढं मागे राहिलं.

खोली मला आठवली. म्हातारी आठवली. पण ते गाणं जोडल्याचं मला आठवलं नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही, आजपर्यंत नाही. किती वेळा डोळे मिटून त्या काठावर उभी राहिले आहे. पायांखालची तापलेली वाळू येते, बायकांचा कालवा येतो, पण माझ्या तोंडातून ती ओळ निघताना ऐकू येत नाही. बरणीतलं लोणचं जागच्या जागी असावं आणि वरची चिठ्ठी गळून गेलेली असावी, तसं झालं होतं. चिठ्ठी नसली म्हणून लोणचं कोणी टाकून देत नाही. उलट ते कुणीतरी जाणत्या माणसानेच घातलं असणार असं धरून चालतात.

शिबिर अर्धवट टाकून मी निघाले. एस.टी.ने पारोळ्यावरून एरंडोलला उतरले, तिथून एका ओळखीच्या गाडीतून गावाच्या फाट्यापर्यंत, आणि घरी न जाता सरळ नदी ओलांडली. वाटेत मी मनाशी सगळं जुळवत होते. आधी माफी मागायची. मग तिच्या वडिलांना सांगायचं. मग गावातल्या चार माणसांपुढे उभं राहून बोलायचं. मुलगी वीस वर्षांची, अजून काही बिघडलेलं नाही. मी शिक्षिका आहे, माझा शब्द मानतील. तेवढ्यातही माझ्या शब्दाचा मला गर्वच होता.

दारात तिची आई गहू निवडत बसली होती. मला तिने लगेच ओळखलं. मायची चौकशी केली, नानांच्या गुडघ्याची चौकशी केली, मावशीला कितवा महिना लागला तेही विचारलं. माझ्यापेक्षा तिचं डोकं शंभरपटीने ठिकाणावर होतं. आत मुलगी पाटावर शेवया वळत होती आणि शेजारच्या खाटेवर पसरत होती. मी बसले आणि पाणी प्यायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. म्हातारीची खाट, भगदाड, टकटक, सगळं सांगितलं. आई दारातूनच म्हणाली, "हां, मी बुढीसंगे बोलू. बिचारी एकली पडेल ऱ्हाये." आणि सूप घेऊन ती मागच्या अंगणात गेली, कोंबड्यांना खडे-कचरा टाकायला.

ती गेल्यावर मुलगी आवाज खाली आणून म्हणाली, "तिले तसंच वाटस, अक्का."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, अगं, वाटतं काय, तसंच होतं. मी तिथे बसलेली असायचे.

"बुढी व्हती. माले माहीत शे," ती म्हणाली. तिचे हात चालूच होते, शेवई केसासारखी बारीक निघत होती. "पन बुढी मरी गई तरी माय भितपान बठीसन बोले. थोडा दिवस. मी पाहेल शे."

माणूस गेल्यावर सवय सुटायला वेळ लागतो, दुसरं काय, असं मी म्हटलं. माझ्या आईने तर मेलेल्या म्हशीला महिनाभर हाक मारली होती. ती हसली. छान हसली. मग तिने जे सांगितलं ते मी इथे साध्या भाषेत लिहिते, कारण तिच्या शब्दांत लिहायला माझं मन धजत नाही. ती म्हणाली, तुमच्याकडून नकार आला तेव्हा मला राग आला होता. मग मी स्वतःकडे लक्ष द्यायला लागले. काम करताना मी एकटीच काहीतरी पुटपुटते. बसले की कधी कधी डोलते. आधी मला हे ठाऊक नव्हतं, लोक म्हणत होते म्हणून मी बघितलं आणि खरंच निघालं. मागच्या वर्षी पाचोऱ्याकडून एक स्थळ आलं होतं. त्यांनी इकडचं काही ऐकलेलं नव्हतं. माणूस चांगला होता, सगळ्यांना पसंत होता. मीच त्यांना बोलावून सांगितलं की आमच्या घरात असं असं आहे, पुढे मुलाबाळांत उतरायला नको. ते उठून गेले. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मी तिचे पिठाचे हात धरले आणि रडत म्हटलं की बाई, यातलं काही काही खरं नाही, ते गाणं मी जोडलेलं आहे, मी बारा वर्षांची होते, नुसतं यमक जुळलं म्हणून म्हटलं, तू आणि तुझी आई दोघी धडधाकट आहात. तुझं वाटोळं मी केलं.

तिने हात सोडवून घेतले नाहीत. उलट माझ्या पाठीवरून मनगटाने हात फिरवला, पीठ लागू नये म्हणून. "कसाले मनले लाई लेतस, अक्का? ते गानं आगोदरपाईन शे. मी धाकली व्हतू तैपाईन ऐकस."

"ते मीच जोडं," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुमले ध्यान शे का, तुम्ही जोडं ते?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्या एका वेळी खोटं बोलायला हवं होतं, असं मला आज वाटतं, आणि त्याचंही दुःख मी बाळगून आहे. पण त्या वेळी मी खरं बोलायला आले होते, आणि खरं बोलायची घमेंड अजून उतरली नव्हती.

"नही," मी म्हटलं. "माले मावशीनी सांगं."

तिने मान हलवली, पुढची शेवई खाटेवर पसरली, आणि एखाद्या लहान मुलीला समजवावं तशा आवाजात मला म्हणाली, "कोनीबी काहीबी सांगस, अक्का. ते बठ्ठं खरं मानी लेवानं नही."